पाच मात्रांत चालायचं कसं

गाण्याला पाय किती ते ठरवून देणं, हा माझा धंदा. लग्नात कुणी विचारलं की काका, रिटायर झाल्यावर काय करता, तर मी हेच उत्तर देतो. विचारणारा माझ्याकडं जरा काळजीनं बघतो आणि जेवणाच्या रांगेकडं निघून जातो. मग मलाही निवांत जेवता येतं.

चोवीस वर्षं मी लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. गाव गंगापूर तालुक्यातलं, घरी ऊस आणि कापूस. आमच्या वडिलांची पक्की समजूत की पोरगं सरहद्दीवर बंदूक घेऊन उभं आहे. सुट्टीवर आलो की ते चार लोकांत माझ्या पराक्रमाच्या गोष्टी सांगायचे आणि मी शेजारी बसून मुकाट मान डोलवायचो. शेवटपर्यंत त्यांना खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. निवृत्तीनंतर छावणीजवळ दोन खोल्या घेतल्या आणि शहरातल्या लग्नाच्या बँडवाल्यांना, शाळांना गाण्यांचं नोटेशन लिहून देऊ लागलो. गाणं ऐकायचं, कागदावर उतरवायचं, आणि ट्रंपेटनं काय वाजवायचं, सॅक्सोफोननं काय, ड्रमवाल्यानं कुठं गप्प बसायचं, हे ज्याचं त्याला लिहून द्यायचं. गेली बारा वर्षं हेच चाललंय.

सूर लिहिणं हे त्यातलं सोपं काम. अवघड काम असतं पहिल्या ओळीच्या तोंडाशी. तिथं एकावर एक असे दोन आकडे लिहावे लागतात. त्याचं असं आहे, की उभ्या रेघा मारून आम्ही गाण्याची घरं पाडतो. वरचा आकडा सांगतो एका घरात मात्रा किती, आणि खालचा सांगतो ती मात्रा कोणत्या मापाची. खालचा तुम्ही मनावर घेऊ नका. वरचा मात्र चुकला की सगळं चुकलं. सूर बरोबर, शब्द बरोबर, पण जोर भलत्याच ठिकाणी पडतो आणि ओळखीचं गाणं परक्यासारखं वाटायला लागतं. ऐकणाऱ्याला कळतं की काहीतरी बिनसलंय, काय ते सांगता येत नाही. तो बिचारा ढोलवाल्याला शिव्या देतो.

एका शाळेचे पीटीचे सर आले होते. त्यांना शाळेची प्रार्थना संचलनात वाजवायची होती. प्रार्थना तीन-तीन मात्रांची, शांत, डुलत जाणारी. मी म्हटलं, सर, माणसाला पाय दोन आहेत. पहिल्या घरात जोर डाव्या पायावर आला तर दुसऱ्या घरात उजव्यावर येणार, लेकरं गोंधळतील. सर म्हणाले, आमची लेकरं शिस्तीची आहेत, तुम्ही लिहा. मी लिहून दिलं. कार्यक्रमाला मीही गेलो होतो. पाहुणे सलामी घ्यायला उभे, आणि सहावीची तुकडी त्यांच्यासमोर आली ती चालत होती की फुगडी खेळत होती ते सांगणं कठीण. सर दुसऱ्या दिवशी आले, माझ्यावरच चिडले. मग तीच प्रार्थना मी सहा मात्रांच्या घरात लिहिली, जरा झपाट्यानं. सहात तीन-तीनचे दोन गट पडतात, एक डाव्या पायाला, एक उजव्या पायाला. एक सूर बदलला नाही, फक्त रेघा हलवल्या, आणि लेकरांचे पाय सुटले. आमच्या धंद्यातली जादू म्हणाल तर एवढीच, आणि तीही रबर-पेन्सिलीची.

दुसरा एक नवरदेव होता. त्यानं बायकोसाठी स्वतः गाणं रचलं होतं. प्रत्येक ओळीची लांबी वेगळी. चारचं घर, मग तीनचं, मग एकदम सातचं. तीन दिवस डोकं धरून बसलो. शेवटी विचारलं, बाबा रे, हे तू रचलंस कुठं? तो म्हणाला, काका, मोटरसायकलवर, कामावर जाता-येता. म्हणजे स्पीडब्रेकर आला की ओळ लांबत होती. मी ते सगळं चारात बसवलं. तो खूश, बँड खूश, आणि मला वाटलं आपण लोकांची गाणी सुधारून देतो.

हा जो सुधारून देण्याचा माझा तोरा होता ना, तो गेल्या वर्षी माघात उतरला.

एका सकाळी स्वाती नावाची मुलगी दारात आली. शहरातल्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती. घरचे अजिंठ्याच्या अलीकडच्या एका गावचे, मेंढरंवाले. वडील दोन वर्षांपूर्वी वारलेले, आणि नऊ दिवसांवर तिचं लग्न. तिच्या मोबाइलवर वडिलांचं एक गाणं होतं, एक मिनिट चाळीस सेकंदांचं. मेंढरं भादरताना, म्हणजे त्यांची लोकर उतरवताना, ते म्हणायचे. एकदा रानात तिनं ते टिपून घेतलं होतं. आता लॉनच्या फाटकापासून मांडवापर्यंत तिला त्या गाण्यावर चालत जायचं होतं. बँड रशीदभाईचा ठरला होता आणि रशीदभाईनंच तिला माझ्याकडं पाठवलं होतं.

"काका," ती म्हणाली, "बाबा असते तर त्यांनीच मला मांडवात आणलं असतं. गाणं आईला ऐकवायचं. तिनं 'हे त्यांचंच' म्हटलं तर वाजवायचं, नाय तर राहू द्यायचं."

आईचं नाव गिरजाबाई. नवरा गेल्यापासून त्या गाण्याचं नावही त्यांनी काढलं नव्हतं. स्वातीनं मोबाइल लावला की त्या उठून बाहेर जायच्या. म्हणजे परीक्षा घेणारी बाई कडक होती आणि पोरीचं सगळं त्या एका शब्दावर होतं. मी म्हटलं, काळजी करू नको, असल्या कामात माझी हयात गेलीय. हे वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.

रेकॉर्डिंगमध्ये फार खडखड होती. माझ्या सुनेनं मोबाइलवरच्या कसल्याशा ॲपनं आवाज साफ करून दिला. गाणं मोठं गोड निघालं. आवाज भरडा, पण सुरात.

उतर ओझं, माझ्या काळे,
ऊन आलं डोईवर...

काळी म्हणजे मेंढी. तिला लोकरीचं ओझं उतरव म्हणून सांगणं चाललंय. मी टेबलावर बोटानं मोजायला लागलो. चार-चारचं घर सरळ पडत होतं, फक्त प्रत्येक घराच्या शेवटी गाणारा एक मात्रा जास्त रेंगाळत होता. आता हौशी माणसं अशी रेंगाळतातच. दम घेतात, सुराला लोंबकळतात. ते सरळ करणं आमचंच काम. मी ती जास्तीची मात्रा प्रत्येक ठिकाणी छाटली. मधे एका जागी गाणं चांगलं दहाएक सेकंद थांबत होतं, काहीच नाही, नुसती शांतता. तीही कापली. वर झोकात चारावर चार लिहिले आणि कागद रशीदभाईकडं दिले.

चौथ्या दिवशी रशीदभाईच्या दुकानामागच्या अंगणात तालीम ठेवली. रशीदभाई चाळीस वर्षं ट्रंपेट वाजवतोय, आणि त्या दिवशी त्यानं जीव ओतला. रस्त्यावरचे दोन रिक्षावाले उतरून आत आले. स्वातीच्या डोळ्यांत पाणी. गिरजाबाई डोईवरचा पदर नीट करून खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"गाणं चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पण त्यांचं नाय."

स्वातीचा चेहरा उतरला. मला राग आला, खोटं कशाला सांगू. चार दिवस मान मोडून लिहिलेलं, आणि ही बाई एका वाक्यात निकाल देते. मी जरा चढ्या आवाजात विचारलं की ताई, सूर तर तोच आहे ना, एक तरी सूर चुकला का.

"सूर तोच हाय, फौजीसाहेब. पण एवढ्या घाईत गायलं तर मेंढरू कापलं जाईल."

रिक्षावाले हसले. मीही हसलो, जरा कुत्सितच. गिरजाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कप उचलून बाजूला ठेवला, पोरीला म्हणाल्या, राहू दे गं, नेहमीचं काही लाव, आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघाल्या. स्वाती त्यांच्या मागं गेली. जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं ते रागानं नाही, आणि तेच मला लागलं.

घरी आलो, जेवलो नाही. मेंढरू कापलं जाईल म्हणजे काय? सुनेकडून ते मूळचं, साफ न केलेलं रेकॉर्डिंग मागून घेतलं आणि कानाला लावलं. आणि त्यात ती खडखड. कच-कच. मग काही नाही. कच-कच. मग काही नाही. जिला मी कचरा समजून काढून टाकली होती, ती कातर होती. लोकर कापायची कातर. बोटानं मोजलं. कच-कच, एक दोन. मग एक दोन तीन. पुन्हा एक दोन, एक दोन तीन. प्रत्येक घरात पाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत, घड्याळ लावून बघावं इतकं नेमकं. माणूस रेंगाळत नव्हता. दम घेत नव्हता. तो काम करत होता.

गाण्याच्या शिक्षकांना विचारलं तर ते म्हणतील, अहो हा तर दहा मात्रांच्या झपतालाचाच अर्धा तुकडा, त्यात एवढं आश्चर्य काय. खरंय त्यांचं. पण मी बँडवाला. माझ्या डोक्यात कायम दोन पाय, त्यामुळं पाच समोर येऊन उभे राहिले तरी मला चारच दिसले.

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडून त्यांच्या गावी गेलो. गिरजाबाईंनी मला बघितलं, पाणी दिलं. त्यांचे दीर बिरूभाऊ घरीच होते. मी म्हटलं, मला एक मेंढरू भादरून दाखवा. ते म्हणाले, व्हय, दाखवतो की, पण तुम्ही फौजेत होता ना, मग हे कशाला शिकता. एक मेंढी आणली, पाय बांधले, आडवी केली. कातर दोनदा चालली, कच-कच. मग त्यांचा डावा हात लोकरीखाली गेला, कातडं ताणलं, बोटं सावकाश पुढं सरकली. मग परत दोनदा. बिरूभाऊ म्हणाले, कातडं ताणलं नाही आणि कातर घातली तर जनावराला चिरा जातो. दादा गाणं म्हणायचा ते त्यासाठीच, हात पळू नाही म्हणून. दादाच्या हातानं एक मेंढरू कापलं गेलं नाही.

मी वही काढली आणि तिथंच गोठ्याशेजारी बसून वर मोठ्ठा पाच लिहिला. मधल्या शांततेचं विचारलं, तर बिरूभाऊ म्हणाले, एक कूस झाली की मेंढरू दुसऱ्या कुशीवर फिरवावं लागतं ना. मोजलं तर ती बरोबर चार घरं भरत होती, वीस मात्रा. यावेळी मी काही कापलं नाही. चार घरं मोकळी सोडली, त्यात गप्प राहण्याच्या खुणा केल्या. निघताना गिरजाबाईंना म्हटलं, ताई, तुम्ही हे रोज ऐकलंय, एकदा म्हणून दाखवा, म्हणजे माझी खात्री होईल. त्या मेंढीचे पाय सोडत होत्या.

"मी नाय गात," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासंगं गेलं ते."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मला एकेक गाणं आठवायला लागलं. बारा वर्षांत मी किती लोकांच्या जास्तीच्या मात्रा छाटल्या असतील. कुणाच्या हातात काय होतं, कोण काय काम करत गात होतं, मी कधी विचारलंच नाही. तो मोटरसायकलवाला सोडला तर. आणि त्याचे तर मी स्पीडब्रेकरसुद्धा काढून टाकले. वाईट वाटलं. पण लग्नाला चार दिवस राहिले होते, वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता.

रशीदभाईनं कागद बघितला, चष्मा कपाळावर सरकवला.

"साब, पांच में आदमी चलेगा कैसा? पैर तो दोइच हैं."

मी म्हटलं, मलाही तीच काळजी आहे. आम्ही दोघांनी अंगणात चालून बघितलं. पहिल्या घराला जोर डाव्या पायावर, दुसऱ्याला उजव्यावर. पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं एकमेकांवर आपटत होती आणि रशीदभाईचा मोठा ड्रमवाला हसून हसून खाली बसला होता. मी म्हटलं, उभ्यानं वाजवा, चालू नका. रशीदभाई ऐकेना, नवरी चालणार आणि बाजा उभा राहणार, हे त्याच्या चाळीस वर्षांत झालं नव्हतं. मग त्यालाच सुचलं. दोन मात्रांना दोन पावलं टाकायची आणि तीन मात्रा उभं राहायचं. पुढचं घर पुन्हा डाव्या पायानं. करून बघितलं तर गाणं आपोआप चालायला लागलं. बिरूभाऊंचा हात तसाच चालत होता, पण हे रशीदभाईला कुठं माहीत होतं.

मोकळ्या चार घरांवरून मात्र भांडण झालं. तो म्हणाला, बरातीत मधेच बाजा बंद केला तर लोगां समझेंगे बाजेवाले भाग गए. मी ऐकलं नाही. म्हटलं, एकदा कापून मी माती खाल्लीय, आता त्यात आहे तसं राहू दे. तो म्हणाला, ठीक है, बदनामी तुमच्या नावावर. स्वातीला फोन करून सांगितलं की पुन्हा लिहिलंय. ती म्हणाली, आई काही बोलत नाही काका, पण नकोही म्हणाली नाही. मांडवातच ऐकू.

म्हणजे परीक्षा आता थेट मांडवात.

लग्न दुपारचं. फाटकापाशी बँड उभा, मागं स्वाती, एका बाजूला बिरूभाऊ, दुसऱ्या बाजूला गिरजाबाई. मी कडेनं चालत होतो, कुणी बघत नाही असं समजून मांडीवर बोटं आपटत. रशीदभाईनं पहिला सूर धरला. दोन पावलं, उभं राहणं. दोन पावलं, उभं राहणं. नवरदेवाकडची मंडळी आधी गोंधळली, एका मामांनी तर वाट अडलीय का म्हणून पुढं वाकून बघितलं. पण मुलीकडच्या लोकांत, मागच्या खुर्च्यांवर पागोटी घालून बसलेले म्हातारे होते, त्यांच्या माना हलायला लागल्या. एकानं दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं आणि दोघं उठून उभे राहिले. मी गिरजाबाईंकडं बघत होतो. त्यांचा चेहरा दगडाचा. पुढं बघून चालत होत्या, ना हो ना नाही.

मग ती मोकळी घरं आली. बँड थांबला. सगळी वरात निम्म्या वाटेवर उभी. रशीदभाई ट्रंपेट खाली धरून डाव्या हाताच्या बोटांवर मोजत होता आणि माझ्याकडं असा बघत होता की आता बदनामी सांभाळा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या कुणी त्याला गप्प केलं.

आणि गिरजाबाई गायल्या.

ऊठ बाई, झालीस हलकी,
पल्याड हिरवं रान हाय...

आवाज मोठा नव्हता. घसा बसलेला, दोन वर्षांचा गंज चढलेला. पण कच-कच एवढ्या जागेत शब्द पडत होता आणि तीन मात्रा थांबत होता, एक मात्रा इकडं नाही की तिकडं नाही. रशीदभाईनं बोटं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. चार घरं, वीस मात्रा. माझ्या वहीतली ती जागा मोकळी नव्हतीच. नवरा मेंढरू फिरवायचा तेव्हा मेंढराचे पाय धरून समोर बसलेली ही बाई तिथं गायची, रोज, वीस-पंचवीस वर्षं. फक्त स्वातीनं मोबाइल धरला त्या दिवशी लाजून ती गप्प बसली होती. बिरूभाऊंनाही ठाऊक नव्हतं, कारण ते नेहमी दुसऱ्या कळपाकडं असायचे. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मी नुसता बघत होतो आणि मला भडभडून आलं होतं.

स्वातीनं जन्मात आईला गाताना ऐकलं नव्हतं. ती जागच्या जागी वळली, आईकडं बघत राहिली, आणि रडायला लागली. पुढं पाऊल टाकायचं विसरून गेली. गिरजाबाईंनी पदरानं तिचे डोळे पुसले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिला हलकेच पुढं लोटलं.

"थांबू नको, बाई. पुढलं तुझ्या बापाचं हाय."

रशीदभाईनं विसाव्या मात्रेवर अडवून धरलेलं बोट सोडलं, आणि बँड सुरू झाला.